आरमारवाल्यानं लावलेली रांग

पाणी आणण्यात माझा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी न्हवता. त्या दुपारी मात्र आणलेलं निम्मं पाणी माझ्याच धोतरावर सांडलं. शेजारच्या साळ्याच्या घराला आग लागलेली. आत त्याचा कापड इनायचा एकुलता माग, घरादाराचं पोट त्याच्यावर. आमी ईस-पंचवीस जण बादल्या घिऊन आडाकडं पळत हुतो नि एकमेकाला धडकत हुतो.

तवा अक्कलकोटला निघालेला एक ठेंगणा कोकणी वाटसरू थांबला. पाय फाकून असा उभा ऱ्हायला, जणू जमीनच हलतीया.

"माणसं कमी नाहीत, जागा चुकल्यात," तो म्हणाला. "आमच्या आरमारात असाच गोंधळ होता. नव्या साहेबानं निम्मी माणसं घरी पाठवली, त्यात मीही आलो. उरलेल्यांना जागा नेमून दिल्या, तेव्हा जहाजं वेळेवर सुटायला लागली."

त्यानं आडापासनं दारापर्यंत रांग लावली. भरल्या बादल्या गड्यांच्या हातनं, रिकाम्या बायांच्या. मला म्हणाला, "तू सगळ्यांच्या चपला राख."

घटकाभरात आग इझली. माग वाचला! साळी रडत रडत हसत हुता, आमी नाचत हुतो. मी छाती फुगवून इचारलं, "दादा, आरमारात मला कुटली जागा दिली असती?"

"किनाऱ्यावरची," तो म्हणाला.