आभाळातले वण

येडशीच्या मुनवर फोटोवाल्याचं डोकं फिरलंय, असं गाव म्हणायचं. गावाच्या तोंडाला झाकण कोण घालणार! पण गावाचंही खोटं नव्हतं. लोक तारे बघतात, हा बाबा ताऱ्यांमधला अंधार बघायचा. विंचवाच्या नक्षत्राच्या वरच्या अंगाला आकाशगंगेत काळी भगदाडं दिसतात. ती भोकं नव्हेत, धुळीचे ढग मागचे तारे झाकतात, असं त्यानं एका उर्दू मासिकात वाचलं. तेव्हापासून त्यांचा फोटो काढायचा एकच ध्यास.

लढाईचे दिवस. हैद्राबादेहून फोटोच्या काचेच्या प्लेटा येईनात. शेवटची प्लेट त्यानं लग्नसराईतही जपली, गिऱ्हाईकं परत लावली. रामलिंगच्या माळावर कॅमेरा एका बिजागरीच्या फळीवर कसला, अन् तारे सरकतील तशी फळी सरकावी म्हणून तिचं मळसूत्र रात्रभर हातानं फिरवत बसला. मान मोडून आली, पण प्लेट काय उतरली म्हणता! धुऊन वाळत ठेवली अन् जरा आडवा झाला.

त्याची बायको हमिदाबी म्हणजे दुकानाचा उजवा हात. प्लेटेवर सगळं उलटं असतं, उजेड काळा अन् काळं मोकळं. देवी आलेल्या पोरींचे सोयरिकीचे फोटो असले की वणांच्या मोकळ्या जागा ती शिसपेन्सिलनं भरायची. तिलाही देवी येऊन गेलेल्या, त्यामुळं पोरींची कळ जाणायची. सकाळी ही प्लेट दिसली, तिच्यातही मोकळे डाग. नवरा दमलाय, म्हणून बिचारीनं सगळे निगुतीनं भरून काढले.

मुनवर उठला अन् कपाळाला हात लावून खालीच बसला. "अगं, काय केलंस हे!"

"डाग बुजवले की. लई होते."

"डाग न्हाईत ते, हमिदा! आभाळ तसंच हाय. जसं हाय तसं दिसाया पायजे, त्याच्यापायीच तर म्या जीव टाकला!"

त्यानं टर्पेंटाइनचा बोळा घेतला अन् पेन्सिल पुसत गेला. अल्लाची मेहरबानी, खाली ओरखडाही नव्हता. ढग जसेच्या तसे मोकळे झाले. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

हमिदाबी बघत होती. म्हणाली, "अजी, निकाहानंतर माझा फोटो काढला, तवा माझे वण का बुजवले?"

लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून, हे मुनवरच्या ओठांवर आलं. पण लाज वाटली त्याला, मनापासून वाटली. त्यानं कपाटातून तिची प्लेट काढली, बोळा परत भिजवला.

"पुसू?"

हमिदाबीनं पदर तोंडावर ओढला. मग बाजूला केला.

"पुसा," म्हणाली.