स्मरणार्थ मिळालेला कॅमेरा

ब्लॉग म्हणजे काय, हे सिंदेवाहीच्या बाजारात मी किती दुकानांत उभ्यानं समजावून सांगितलं, देव जाणे. बोलून बोलून तोंडाला फेस आला. जायची प्रायोजक मागायला, आणि तासभर इंटरनेट शिकवून हात हलवत परत यायची. कॉलेजात तासिकेवर शिकवत होते तेवढं पुरेसं नव्हतं बहुतेक.

मोबाइलवर नेट यायच्या आधीचे दिवस. माझा ब्लॉग होता आमच्या भागातल्या तलाव-बोड्यांतल्या माशांवर, आणि खरं सांगायचं तर तो माझा नव्हताच. दर शनिवारी माझ्या दाराशी ढीवर मोहल्ल्यातली एक म्हातारी बाई टोपली घेऊन यायची, ब्लॉग तिचा. मासे घेता घेता ती सांगायची आणि मी वहीत उतरवायची. एकाच माशाला लहानपणी एक नाव, मोठा झाला की दुसरं. कोणता मासा पाण्याच्या उलट चढून धानाच्या बांधीत येतो, कोणता बाळंतिणीला द्यायचा, कोणत्याला कोणतं जाळं. मी चुकले की म्हणायची, एवढं शिकल्या मॅडम, अन् हे नाई मालूम? तिच्याएवढं सांगणारं मोहल्ल्यात दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि तिला आता दिसायलाही कमी येत होतं. जे काही घ्यायचं, ते आत्ताच घ्यायला हवं होतं.

भारनियमनातून उरलेल्या वेळात सायबर कॅफेत बसून मी ते टाइप करायची. वाचणारे दूरदूरचे, पुण्याचे, परदेशातले. सगळे एकच लिहायचे, फोटो टाका, नुसत्या नावानं मासा कसा ओळखायचा? बरोबरच होतं त्यांचं. पण कॅमेरा मला परवडणारा नव्हता, म्हणून ही वणवण.

राईस मिलवाल्यानं विचारलं, किती कापी निघतात? कापी निघत नाहीत म्हटल्यावर त्यानं हिशेबाच्या वहीत डोकं घातलं. मेडिकलवाला म्हणाला, अमेरिकेतला माणूस माझ्याकडे खोकल्याचं औषध घ्यायला येणार आहे का? बिनतोड सवाल. कृषी केंद्रवाला मात्र लगेच तयार झाला, पण त्याला जाहिरात हवी होती फवारणीच्या औषधाची. त्याच औषधानं बांधीतले मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात, हे मला बाईनंच दाखवलं होतं. मी ताडकन नाही म्हणाले आणि घरी येईस्तोवर स्वतःवर फार खूश होते.

मग लोखंड-सिमेंटचा दुकानदार भेटला. त्यानं मला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणाला, समजलं, स्मरणार्थ द्यायचं न? आमच्याकडे देवळातला पंखा, स्टँडवरचा बाक, शाळेतली पाण्याची टाकी, सगळं कोणा ना कोणाच्या स्मरणार्थ असतं. त्याच्या हिशेबानं ब्लॉग म्हणजे तसाच एक बाक. नवाकोरा डिजिटल कॅमेरा देतो म्हणाला. अट एकच, प्रत्येक पानावर त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. मी म्हटलं, खाली कोपऱ्यात लहानसा टाकते.

"बाप खाली असते का वो, मॅडम?"

टाकला वर. काय करणार? कॅमेऱ्याच्या पाठीवरही त्यानं लाल रेडियममध्ये कैलासवासी अमुकतमुक, सप्रेम भेट असं चिकटवून दिलं होतं. कॅमेरा आल्यावरचा पहिला लेख चढवला तो वाम माशावर, बाईचा टोपलीसह छान फोटो लावून. पहिली प्रतिक्रिया आली, भावपूर्ण श्रद्धांजली. मग तशाच आणखी चार. एकानं तर विचारलं, वडिलांना मासे फार आवडायचे का? डोकं सटकलं माझं. माशाबद्दल एक अक्षर नाही कोणाचं. तरी मनाला समजावलं, फोटो तर निघताहेत, लोक होतील सवयीचे.

बाईला स्वतःचा फोटो पाहायचा होता. मी त्या पानाची रंगीत प्रिंट काढून आणली आणि शनिवारी ऐटीत तिच्या हातात दिली. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, आणि तिची नजर स्वतःच्या फोटोपर्यंत पोचलीच नाही. हा काऊन इथी, म्हणाली. मी उत्साहानं सांगितलं, यांच्याच मुलानं कॅमेरा दिला.

ती उंबऱ्यावर बसली. मग सांगितलं तिनं. ती नवी नवरी असताना तलावाचा ठेका त्या माणसाकडे होता. तिच्या नवऱ्यानं न विचारता जाळं टाकलं म्हणून त्यानं ते तलावाच्या पाळीवर, बांधावर आणवलं, रॉकेल ओतलं आणि सगळ्या मोहल्ल्यासमोर पेटवून दिलं. दोघांनी उन्हाळाभर बसून विणलेलं जाळं होतं. नवरा आंध्रात मिरच्या तोडायला जायला लागला, पुन्हा त्यानं जाळं विणलं नाही.

"जित्ता होता तवा तलावावर बसला होता," ती म्हणाली. "आता माह्या डोक्यावर आणून बसवला का वो तुमी?"

कागद तिनं परत दिला. मी गावात इतकी वर्षं राहिले, तिच्याकडून पाण्यातलं सगळं विचारून घेतलं आणि तिचं काही विचारलं नाही. लाज वाटली, आणि संताप आला तो माझाच. त्याच दुपारी ब्लॉगवरचा तो हारवाला फोटो उतरवला, कॅमेरा नेऊन दिला. दुकानदार दुखावला. स्मरणार्थ दिलेली वस्तू आजवर कोणी परत केली नाही, म्हणाला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. त्याला त्याचा बाप होता तो.

पुढच्या शनिवारी बाई आली. मी तिला सगळं सांगितलं, त्याचा फोटो काढून टाकला, कॅमेरा परत केला. ती ऐकत होती, मान हलवत होती, मासे पलटत होती. मला हायसं वाटलं. मी वही उघडली आणि टोपलीतल्या एका पट्ट्यापट्ट्यांच्या माशावर बोट ठेवून विचारलं, बाई, याला काय म्हणतात?

"मासा हाये," ती म्हणाली. "घेता का नाई, तेवढं सांगा."