नव्या तांदळाचा अबोला

चांद्याच्या कॉलेजात मी मुका म्हणून प्रसिद्ध होतो. तसा मी गावातला नंबर एकचा बडबड्या. आलापल्लीपलीकडे जंगलात आमचं गाव. तिथे माझ्या तोंडाला कंटाळून आई मला गुरांमागे पिटाळायची. पण ती बडबड गोंडीतली. मराठी मी शाळेत शिकलो. वाचता यायचं, लिहिताही यायचं. बोलायला गेलो की शब्द घशातच बसकण मारायचे आणि समोरचे हसायला टपलेले. मग म्हटलं, मरा, नाही बोलत.

बोलायचो तो एकाशीच. माझ्या खोलीत गोंडपिपरीकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा होता. आमची दोघांची एकच चूल. मी लाकडं फोडायचो, तो भात रांधायचा, आणि संध्याकाळी प्राध्यापकांचं पुस्तकी मराठी आपल्या साध्या बोलीत मला उलगडून सांगायचा. "मान नको डोलवू. समजलं का नाई, ते सांग," असं वर खेकसायचा. तो नसता तर मी पहिल्याच महिन्यात गाव गाठलं असतं.

दसऱ्याला तो घरी जाऊन आला, तो शेतातल्या नव्या धानाचे तांदूळ घेऊन. त्याच्या आईने माझ्यासाठी म्हणून मुद्दाम जास्त दिले होते. त्याने हौसेने भात रांधला, ताट माझ्यापुढे ठेवलं. वासानेच तोंडाला पाणी सुटलं. आणि मी ताट परत सरकवलं.

आमच्यात नवं धान आधी पेनांना, म्हणजे आमच्या देवांना आणि पूर्वजांना द्यायचं, मग घरच्यांसोबत बसून खायचं. त्याआधी एक शीतही तोंडात घालायचं नाही. एवढंच सांगायचं होतं. पण त्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि होतं नव्हतं तेवढं मराठीही पळालं.

"काऊन? आमच्या हातचं चालत नाई तुले?" त्याने विचारलं. मी उठून बाहेर लाकडं फोडायला गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याने वेगळी चूल मांडली. एका खोलीत दोन चुली, धूर दुप्पट आणि बोलणं बंद. संध्याकाळचं शिकवणंही बंद. वर्गात मला कशाचाच अर्थ लागेना. दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचं आणि परत यायचंच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पण त्याला असं रागात सोडून जायला जीव होईना. निघताना त्याच्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "चल."

"कुठी?"

"माझ्या घरी."

"चल. पाहूच दे, तुह्या घरी काय खातेत ते," तो म्हणाला आणि वाटभर फुगून बसला.

घरी पोचलो तर आई आंबील वाढत होती. गावाचं नवं खाणं केव्हाच झालं होतं. आमच्या घरचं तेवढं अडलं होतं. कोपऱ्यात नव्या धानाने भरलेली कणगी आणि धाकटी भावंडं तिच्याकडे बघत आंबील पीत होती. बा मला गोंडीत म्हणाला, "तू नव्हतास. मग आम्ही कसे खाणार?"

मला रडूच फुटलं.

"काय म्हनून राह्यला तुहा बा?" मित्राने घाबरून विचारलं. मी सांगितलं. मोडक्यातोडक्या मराठीत, सरकवलेल्या ताटापासून सगळं सांगितलं. शब्द अडला की कणगीकडे बोट दाखवलं, भावंडांकडे दाखवलं. घरात धान असून न खाणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं समजवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाने पेनांपुढे नवा भात ठेवला आणि आम्ही सगळे ओळीने जेवायला बसलो, तोही. तीनदा मागून घेतलं त्याने. पण हात धुताना मला झापलंच.

"हे तवाच काऊन नाई सांगतलं?"

"मराठीत येत नव्हतं."

"मंग गोंडीत सांगाचं होतं. मले समजलं नसतं, पन तू बोलला तं असता."

सुट्टी संपली त्या सकाळी त्याची झोप उघडण्याआधीच मी चांद्याला जायला तयार होऊन अंगणात उभा होतो.