आमेन होईपर्यंत

धाकट्या भावाने दारूपायी आईची तांब्याची भांडीसुद्धा विकली, तेव्हा घरातला पहिला पदवीधर या नात्याने मी त्याला साक्रीजवळच्या ख्रिस्ती व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. केंद्र चालवणारे नाना जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना करत, की देवालाच भूक लागावी. मिरचीचेसुद्धा वेगळे आभार! आणि आमेनआधी कोणी घास उचलायचा नाही.

एकदा धाकटा पळून एसटी स्टँडवर गेला. नाना डबा घेऊन मागोमाग हजर.

“जाय भो, पन जेवीसन जाय.”

बाकावर डबा उघडून त्यांनी डोळे मिटले. बस लागली, भरली, निघाली. नाना अजून भाकरीचेच आभार मानत होते.

“नाना, बस गई ना!”

“जाऊ दे. आते आमेन म्हन नि जेव.”

तो जेवला आणि त्यांच्यासोबत केंद्रात परतला. आज तो आमच्या गावी, असोद्याला, आईजवळ राहतो आणि पीत नाही.