आठवा होकार

ऑगस्ट २०२०चा दुसरा शनिवार, दुपारी दोनची तालीम. नाटकाच्या खात्यात माणशी तीनशेप्रमाणे दोन हजार चारशे डॉलर. आठांपैकी सात हजर. गैरहजर होता तो साधू, ज्याचा पहिल्याच अंकात खून होतो.

मेलबर्नमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती, म्हणून तालीम झूमवर. युरोपातल्या जुन्या मठातल्या खुनाचं नाटक आमच्या मराठी मंडळाने धरलं होतं. मी मठाधिपती, आणि खजिनदारही. पडद्यावर नावाऐवजी भूमिका लिहायची, ही दिग्दर्शिकेची शिस्त. खून होणारा गडी हॉस्पिटलात नर्स होता. त्याने लिहिलं होतं, ‘प्रेत’. दर तालमीला कोणीतरी ओरडायचं, “ए प्रेता, माईक बंद कर, तुझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतायत!”

मठात औषधं देणारा वैद्यबुवा वसईचा. चर्चमध्ये वाढलेला आमच्यात तो एकटाच. लॉकडाऊनआधी हॉलमधल्या पहिल्या तालमीला आम्ही नाटकातल्या मठात शिरताना चपला काढल्या, तेव्हा तो म्हणाला होता, “फादर, गणपतीचं देऊळ नाही हे.” भूमिकेमुळे तो मला फादरच म्हणायचा.

त्या दिवशी त्याने वही मिटली. “फादर, वसईला माझी आय व्हेंटिलेटरवर आहे. देशाबाहेर जायची परवानगी आली. मंगळवारच्या विमानात एक सीट आहे, एकोणीसशे पन्नास डॉलर. पाचपर्यंत भरायचे आहेत.” विमानतळावरचं त्याचं कॅन्टीन मार्चपासून बंद होतं, क्रेडिट कार्ड संपलं होतं. “नाटक तर होत नाहीये. त्यातले देता का? वर्षात फेडतो.”

सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो, पण आठवा होकार नव्हता. दोन वर्षांपूर्वी कपड्यांच्या खर्चावरून भांडणं झाली, तेव्हापासून पैसे काढायला आठही जणांचा लेखी होकार लागायचा. नियम माझाच. नर्स डबल शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. मी चार वेळा लावला.

“अहो, तो काय नाही म्हणणार आहे?” दिग्दर्शिका चिडली. “पाठवा ना!”

“आज एकासाठी मोडला, तर उद्या कोणाला काय सांगू?”

वैद्यबुवा कॅमेरा चालू ठेवून बसून राहिला. पाच वाजले तेव्हाही बसलेलाच होता.

साडेसहाला नर्सचा मेसेज आला : ‘अरे, विचारायचं काय त्यात?’ तोवर सीट गेली होती.

त्या दिवशी माझ्या स्वतःच्या बचत खात्यात अकरा हजार डॉलर होते. ते देता येतील, हे तीन तासांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. मला आठव्या होकाराशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. याला मी आजवर दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

पुढचं विमान दहा दिवसांनी होतं. गुरुवारी त्याची आई गेली.

अंत्यविधी झूमवर. आम्ही सगळे घाईघाईत जोडले गेलो आणि नावं बदलायची राहिली. वसईहून कोणा बाईचा आवाज आला, “हे प्रेत म्हणून कोण आलंय?”

नर्सची चौकट लगेच काळी झाली.

“आमच्या नाटकातला आहे,” वैद्यबुवा म्हणाला. “राहू द्या त्याला.” मग चित्र अडकलं. तो पडद्याच्या अगदी जवळ आला. “फादर, तुम्हाला दिसतंय का? मला पेटी दिसत नाहीये.”

मला दिसत होती. “दिसतेय,” मी म्हणालो. “चौघांनी उचललीय. वर पांढरी फुलं आहेत. आता खाली ठेवतायत.” संपेपर्यंत सांगत राहिलो. त्याने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

नाटकाचे दोन हजार चारशे खात्यात तसेच राहिले. त्या संध्याकाळी त्याच्या भावाकडून नंबर घेऊन शवपेटीचे अठरा हजार रुपये मी माझ्या खात्यातून वसईच्या पेटीवाल्याला पाठवले. कोणाला विचारलं नाही.