काळ्या खुंटांचा तुकडा

कॅम्पातल्या पोर्कच्या दुकानात दर रविवारी एक गृहस्थ माझ्या आधी पोचलेले असतात. हातात स्टीलचा डबा, पायांत रबरी चपला. नाव मी कधी विचारलं नाही. दुकानदार त्यांना ‘काका’ म्हणतो. मी नऊ वर्षं येतोय, मला अजून ‘साहेब’च म्हणतो. त्या ‘काका’ने माझा रविवार नासतो.

मी नेहमी गुळगुळीत, पांढराशुभ्र तुकडा मागायचो. काका मात्र कातडीवर अंगठा उलटा फिरवून केसांचे काळे खुंट शोधायचे. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, “काळं गावरान जनावर आहे. पांढऱ्याला ही चव नाही.” म्हणजे इतकी वर्षं मी घाण म्हणून नाकारलेलं मटण हा माणूस मिटक्या मारत खात होता!

गेल्या रविवारी गावरानचा एकच तुकडा उरला होता. काकांचा अंगठा त्यावर फिरत असतानाच मी म्हणालो, “तो मला द्या.” दुकानदार काकांकडे बघत राहिला.

“देऊन टाक,” काका हसले. मग मला म्हणाले, “केस जाळून घ्या, पण चरबी काढू नका. तेलाचा थेंबही नको. मंद आचेवर स्वतःच्याच चरबीत शिजू द्या. घाई नको.” आणि रिकामा डबा काखोटीला मारून निघून गेले.

मी अगदी तसंच केलं. बायकोने बोटं चाटली. “आज कुणाला विचारून केलंस?”

“कुणाला कशाला विचारायचं?” मी म्हणालो.