तिसऱ्या मशीनवरचा नंबर

"क्रिएटिनिन अकरा आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आजच डायलिसिस सुरू करावं लागेल."

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने लघवीवाटे बाहेर टाकायची रक्तातली घाण. किडनीचं ते काम मशीनने करायचं म्हणजे डायलिसिस. मी घाटनांदूरजवळच्या गावातल्या दूध सोसायटीचा सचिव. पायांना सूज होती, जेवण जात नव्हतं. उन्हाळा बाधला असेल म्हणून दोन महिने अंगावर काढले. तुम्ही काढू नका.

आठवड्यातून दोनदा एसटीने अंबाजोगाईला जायचं, चार तास मशीनवर पडायचं. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. जनावरं चारा छावणीत गेलेली, सोसायटीतले कॅन पालथे पडलेले. मशीनला घागरीच्या घागरी शुद्ध पाणी लागतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. दवाखान्याचं बोअर आटलं होतं. बाहेर टँकर वाजला की बाकावरचे सगळे मान वर करायचे.

वैशाखातल्या एका मंगळवारी टँकर वाजलाच नाही.

दुपारी टेक्निशियन बाहेर आला. "टाकीत एकाच माणसापुरतं पाणी हाय. तिसरी मशीन तेवढी चालू करतो."

नंबर माझा नव्हता, समोरच्या बाईंचा होता. दोन महिन्यांत त्यांना मी कितीदा तरी पाहिलं होतं. एकदा त्यांनी बाकावर जरा सरकायला सांगितलं, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

त्या दिवशी माझ्या फुप्फुसात पाणी साठलं होतं. आडवं होता येत नव्हतं, श्वास घरघरत होता. बाई टेक्निशियनला म्हणाल्या, "यांना घ्या आदी. मी उद्या बसते."

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. "यांना आता थांबवता येणार नाही. पण ताई, तुमचं पोटॅशियम वाढलंय. ते फार वाढलं की हृदय अचानक थांबतं. ज्या ज्या दवाखान्यात फोन केला तिथं हीच गत आहे. उद्या पाणी आलं नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"आयकलं मी," त्या म्हणाल्या.

मी नको म्हणालो नाही, तिसऱ्या मशीनवर जाऊन बसलो. लिहायला लाज वाटते.

आम्हा दोघांनाही दवाखान्यातच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी टँकर नाही. पलीकडच्या कॉटवर बाईंचा चेहरा सुजत चालला होता, हात उचलत नव्हता. नर्स दर थोड्या वेळाने इंजेक्शन देऊन मॉनिटरकडे बघत उभी राहायची. चारला टँकर आला. पाणी शुद्ध होऊन मशीनपर्यंत यायला आणखी तास गेला. त्या तासात त्यांची शुद्ध दोनदा हरपली.

त्या वाचल्या. पुढच्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांचं नाव विचारलं. सुमन.

"ताई, कावून दिला तुमी नंबर? वळख ना पाळख."

"तुमचा श्वास आयकू येत व्हता," त्या म्हणाल्या. "ते आयकत बसवंना."

माझं डायलिसिस अजून चालू आहे. ज्यांना हे दुखणं नव्यानं लागलंय त्यांना एवढंच सांगतो, रिपोर्ट डॉक्टर बघतील. तुम्ही शेजारच्या माणसाचं नाव विचारून घ्या. मला ते विचारायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मी सुमनताईंना गमावून बसलो असतो.